पाहणाऱ्याचे दृश्य, राहणाऱ्याचे शिवार

'भूदृश्य' हा शब्द मराठीत परिभाषाकोशातून आला आणि बहुतांशी कोशातच राहिला. शासकीय आराखड्यांत, वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमांत, क्वचित चित्रकलेवरील लेखांत तो भेटतो. शेतकऱ्याच्या बोलण्यात तो नाही आणि कवींनीही त्याला फारसे आपले म्हटलेले नाही. ज्या भूभागाला तो नाव देऊ पाहतो त्याच्यासाठी मराठीला शब्दांची वाण कधीच नव्हती. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसण्याची जमीन. त्यांच्या पलीकडे माळ, रान, गायरान, कुरण, ओढा, पाणंद, आणि या सर्वांना कवेत घेणारी गावाची शीव. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील एकही केवळ डोळ्यांनी घडविलेला नाही. प्रत्येकात कोणीतरी चालते, चारते, नांगरते, ओझे वाहते. 'भूदृश्य' या शब्दात मात्र एक माणूस स्थिर उभा असतो आणि समोर पाहत असतो. त्याच्या हातात काही नसते.

ग्रामीण भूप्रदेशाचे नियोजन करताना लोकांची पसंती विचारात घ्यावी, हा आग्रह गेल्या काही दशकांत जगभर प्रबळ झाला आहे. आग्रह चांगला आहे. त्याला उघड विरोध करील असा मनुष्य सापडणे कठीण. प्रश्न एवढाच की, ही पसंती वरीलपैकी कोणत्या शब्दसंपत्तीत विचारली जाते? उभे राहून पाहणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि चारणाऱ्या-नांगरणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरले, की सर्व घोटाळ्याला आरंभ होतो. हा प्रश्न भाषेचा आहे, आणि म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकांनी नगररचनाकारांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. छत्तीसगढातील नवा रायपूर या नगराच्या निमित्ताने तो तपासता येतो.

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर नव्या राजधानीची आखणी झाली. तिच्या नियोजनक्षेत्रात ४१ गावे येतात. राखी, कयाबांधा, कोटराभाठा, नवागाव, चीचा, उपरवारा, परसदा, तूता ही त्यांतील काही नावे. २०१२ च्या नोव्हेंबरात मंत्रालय तेथे गेले. २०१८ मध्ये नगराला अटलनगर हे नाव मिळाले आणि पुढे 'नवा रायपूर अटलनगर' असे जोडनाव रूढ झाले. सेंध, झांझ अशा गावांच्या नावांनी ओळखली जाणारी जलाशये आज राजधानीच्या शोभेचा भाग आहेत. खंडव्याच्या जलाशयालगत २०१६ मध्ये मनुष्यनिर्मित वन्यपशुउद्यान सुरू झाले. रुंद रस्ते, रांगेने लावलेली झाडे, पाण्याकाठच्या पायवाटा असे सारे काही आहे. शहरातून सहलीला येणाऱ्या कुटुंबाला विचारले तर ते या दृश्याला पसंतीच देईल, आणि ती पसंती खोटी असणार नाही.

पण या भूमीला तिची स्वतःची परिभाषा आहे. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे मुख्य चार प्रकार मानतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे उंचवट्यावरची लालसर मुरमाड जमीन. तिच्याखाली पिवळट, हलकी मटासी. मग मधल्या जातीची डोरसा. आणि सखल भागात पाणी धरून ठेवणारी काळी, चिकण कन्हार. वरून खाली उतरत जाणारी ही उतरंड म्हणजे त्या प्रदेशाचे भूवर्णन, जलशास्त्र आणि पीकपद्धती एकाच वेळी. कोणत्या उतारावर लवकर येणारे धान पेरायचे आणि कोणत्या खोलगटात उशिराचे, हे त्या चार शब्दांत सांगून होते. डॉ. रिछारिया यांनी रायपुरात राहून या प्रदेशातील धानाच्या सतरा हजारांहून अधिक वाणांचा संग्रह केला. एवढी विविधता एकसारख्या जमिनीवर संभवत नाही. ती या उतरंडीची आणि तिला ओळखणाऱ्या माणसांची निर्मिती आहे. तळ्यांचेही तसेच. मोठ्या गावात 'छै आगर छै कोरी' तळी असावीत, असे छत्तीसगढी लोकपरंपरा म्हणते. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) या ग्रंथात या संख्येची आठवण ठेवली आहे. तळ्याच्या बांधाला तेथे 'पार' म्हणतात, पायऱ्यांना 'पचरी'. श्रावणात उगवलेली भोजली तळ्यातच विसर्जित होते. तळ्याचे लग्न लावून त्यात लाकडी खांब रोवण्याचीही प्रथा आहे. जे तळे विवाहित असते त्याला नुसते जलाशय म्हणणे हा एक प्रकारचा अनुवाददोषच आहे.

आता यांतील भाठ्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. भाठ्यावर धान चांगले येत नाही, म्हणून महसुली दफ्तरात त्याची गत बहुधा 'पडीत' या सदरात लागते. गावाच्या दृष्टीने मात्र ती गुरे उभी करण्याची, चारण्याची, मुरूम खणण्याची, खळे करण्याची, पोरांनी खेळण्याची जागा असते. नव्या नगराचा आराखडा आखणाऱ्याच्या नकाशावर पडीत जमीन सर्वांत आधी रंगविली जाते. तेथे कोणाचे काही जात नाही अशी समजूत असते. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. माळाचे आमच्याकडे असेच झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) ओसाड दिसणारा मुलूख मेंढरांच्या आणि माणसांच्या ये-जेने किती भरलेला आहे, हे ती कादंबरी वाचलेल्याला सांगावे लागत नाही. पण कादंबरी वाचून कोणी जमिनीचे वर्गीकरण करीत नाही. माळढोकासारखा पक्षी वाचवायचा तर माळ माळच राहिला पाहिजे, हे सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य झाल्यावर शासनाला मान्य करावे लागले. पक्ष्यासाठी जे मान्य झाले ते धनगरासाठी मान्य व्हायला अधिक वेळ लागतो.

येथे 'मेघदूता'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. रामगिरी कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. महामहोपाध्याय मिराशींनी रामटेकचा पक्ष समर्थपणे मांडला. दुसरा पक्ष छत्तीसगढच्या सरगुजा भागातील रामगढाचा. तो वाद येथे बाजूला ठेवू. लक्षात घ्यावयाचे ते हे की, मेघाने ज्या प्रदेशावरून जायचे त्याच्या आरंभीच कालिदासाने दोन प्रकारचे पाहणे शेजारी शेजारी ठेवले आहे. यक्ष मेघाला मार्ग सांगतो तो सौंदर्याच्या जाणकाराच्या दृष्टीने. त्याला शिखरे दिसतात, पिकल्या आंब्यांनी झाकलेला डोंगर वरून कसा दिसेल हे दिसते. पण त्याच्या आधी जनपदातील स्त्रिया मेघाकडे पाहतात, आणि त्यांच्या दृष्टीत नागर विभ्रम नाहीत. शेताचे फळ या मेघाच्या हाती आहे एवढेच जाणून त्या प्रेमाने वर पाहतात. लगेच नुकत्याच नांगरलेल्या मातीचा वास येतो, आणि ती जमीन 'माल' आहे, म्हणजे मल्लिनाथाच्या अर्थाप्रमाणे डोंगराळ, उंच अशी जमीन. मराठी कानाला येथे 'माळ' ऐकू येतो, छत्तीसगढी कानाला भाठा. कवीने या स्त्रियांची दृष्टी अरसिक ठरविली नाही, हे महत्त्वाचे. उपयोगाची जाणीव आणि प्रीती या दोन गोष्टी त्या एकाच नजरेत आहेत. 'गाथासप्तशती'तही असेच दिसते. साळीचे शेत पिकून पांढुरके होऊ लागले म्हणून एक नायिका खाली मान घालून रडते, कारण कापणी झाली की संकेतस्थळ नाहीसे होणार. आणि सखी तिला तागाचे शेत अजून उभे आहे याची आठवण करून देते. पीक, ऋतू, आडोसा, शृंगार यांची फारकत त्या महाराष्ट्री प्राकृत कवितेला ठाऊकच नव्हती. संगम काव्यातील तिणै-कल्पनेविषयी हेच अधिक विस्ताराने म्हणता येईल. तेथे प्रदेश, पीक, देवता, व्यवसाय आणि प्रेमाची अवस्था ही एकाच नावाने ओळखली जातात.

आधुनिक पसंतीमापनाची रीत याच्या नेमकी उलट आहे. १९७६ मध्ये डॅनियल आणि बोस्टर या अमेरिकी अभ्यासकांनी तेथील वनखात्यासाठी दृश्यसौंदर्याचे मापन करण्याची पद्धत सिद्ध केली. लोकांना रंगीत पारदर्शिका दाखवायच्या, प्रत्येकीला गुण द्यायला सांगायचे आणि त्या गुणांवरून संख्याशास्त्रीय अनुमान काढायचे, असे तिचे सामान्य स्वरूप. वृक्षतोडीचा निर्णय केवळ लाकडाच्या किमतीवर होऊ नये, सामान्य माणसाच्या डोळ्यालाही तेथे काही वजन असावे, हा तिचा हेतू आदरणीय होता आणि त्या देशातील वनव्यवस्थेवर त्याचा इष्ट परिणामही झाला. पण छायाचित्रात वास नसतो, ऋतू एकच असतो, आणि गुण देणाऱ्याला त्या वाटेने पाणी आणावे लागत नाही. युरोपने पुढे ही उणीव अंशतः भरून काढली. २० ऑक्टोबर २००० रोजी फ्लॉरेन्स येथे स्वीकारलेल्या भूदृश्यविषयक कराराने भूदृश्याची व्याख्याच लोकांच्या प्रतीतीशी बांधली आणि उद्दिष्टे ठरविण्याआधी लोकांशी विचारविनिमय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरविले. शिवाय केवळ रम्य स्थळेच नव्हे, तर रोजच्या वापरातला, बिघडलेलासुद्धा भूभाग भूदृश्यच होय, हे त्याने मान्य केले. हा करार झाला आणि त्यानंतर बाराव्या दिवशी छत्तीसगढ राज्य जन्मले. योगायोग निव्वळ पंचांगाचा. तो येथे नोंदविण्याचे कारण एवढेच की, नवी राजधानी ज्या भूसंपादन कायद्याच्या छायेत आखली गेली तो १८९४ चा होता. त्यात 'सार्वजनिक प्रयोजन' होते, आक्षेप नोंदविण्याची सोय होती, मोबदला होता. राहणाऱ्याच्या प्रतीतीला मात्र कोठे रकाना नव्हता. सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची आणि जनसुनावणीची तरतूद २०१३ च्या कायद्याने आली.

'सार्वजनिक' या शब्दावर महाराष्ट्राने एके काळी पुष्कळ विचार केला होता. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. लोकांच्या वतीने बोलायचे तर त्या लोकांनी तसे लिहून दिलेले असावे, ही त्यामागची साधी प्रामाणिक भावना. आज प्रश्नावली भरून घेणारे शोधपथक अशा मुखत्यारपत्राविना गावात शिरते, आणि त्याने गोळा केलेली बेरीज 'लोकांची पसंती' म्हणून अहवालात छापली जाते.

पाहणाऱ्याची पसंती किती निर्दोष आणि तरीही किती क्रूर असू शकते, याचे मराठी मुलखातील उदाहरण मुळशीचे. १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. लढा हरला, भातखाचरे पाण्याखाली गेली. आज पावसाळ्यात पुण्याहून निघालेला प्रवासी मुळशीच्या जलाशयाकाठी गाडी थांबवितो आणि त्याला ते दृश्य मनापासून आवडते. त्याची पसंती आज मोजली तर ते जलाशय पूर्ण गुण मिळवील. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या निर्णयाला राहणाऱ्यांनी प्राणपणाने विरोध केला, त्याला पाहणाऱ्यांनी कालांतराने, काही न जाणता, मंजुरी दिली आहे. दृश्याला स्मृती नसते. पाणी सपाट असते आणि त्याखाली काय होते हे त्याच्या पृष्ठभागावर उमटत नाही.

नव्या रायपुरात स्मृती अगदीच नाकारलेली नाही. उलट तिचा सन्मान करण्याची धडपड दिसते. उपरवाऱ्यात 'पुरखौती मुक्तांगण' आहे, तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००६ मध्ये उद्घाटित झालेले. पूर्वजांच्या जीवनरीती, नृत्ये, शिल्पे, घरे यांच्या प्रतिकृती तेथे मोकळ्या आकाशाखाली मांडल्या आहेत. १ नोव्हेंबर २०२५ रोजी उघडलेल्या नव्या विधानभवनातील सभागृहाच्या छतावर धानाच्या लोंब्या आणि पाने कोरलेली आहेत. 'धानाचा कटोरा' म्हणून मिरविणाऱ्या राज्याने धानाला डोक्यावर घ्यावे हे योग्यच. परंतु लोंबी छतावर गेली म्हणजे तिच्याकडे मान वर करून पाहावे लागते. शेतात तिच्याकडे वाकून पाहतात. कलावंतांच्या कौशल्याचा येथे अधिक्षेप नाही. प्रश्न असा की, ज्या नगराला ग्रामीण जीवनाचे इतके अगत्य आहे त्याने आपल्या हद्दीतल्या जिवंत गावांना प्रदर्शनातील गावाइतका तरी मान द्यावा की नाही? मुक्तांगणातील झोपडीच्या देखभालीची व्यवस्था निश्चित आहे. शेजारच्या गावातील तळ्याच्या पचरीची देखभाल कोणी करायची हे तितके निश्चित नाही.

२०२२ च्या जानेवारीपासून २७ गावांतील शेतकऱ्यांनी राजधानीत दीर्घकाळ धरणे धरले. वाढीव मोबदला, ज्या जागेवर वस्ती आहे तिचे पट्टे, रोजगार अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांत 'भूदृश्य' कोठेही नाही, आणि त्यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की ग्रामस्थांना पैशाशी मतलब, परिसराच्या रूपाशी नाही. हा निष्कर्ष वरवरचा आहे. माणसे ज्या रकान्यात लिहिण्याची मुभा असते त्या रकान्याच्या भाषेत बोलतात. कायद्याने मोबदल्याचा रकाना दिला तर तळ्याचे दुःखही मोबदल्याच्या आकड्यात व्यक्त होते. आणि वस्तीच्या जागेचा पट्टा मागणे म्हणजे काय? पांढरीवरचा आपला हक्क मागणेच ते. नवी मुंबईत हेच घडले होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची भातशेते आणि मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातून पुढे 'साडेबारा टक्के' योजना आली. आगरी-कोळी समाजाच्या खाडी, बांध, खाजण या संपूर्ण सृष्टीचा अनुवाद अखेर एका टक्केवारीत झाला. टक्केवारी मिळाली हा लढ्याचा विजयच होता. पण मूळ संहितेत काय होते हे आता लोकगीतांतून आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून शोधावे लागते.

येथवरच्या विवेचनावरून राहणाऱ्याची दृष्टी सदैव न्याय्य असते असे कोणास वाटेल, तर त्याला महाडकडे पाहावे लागेल. चवदार तळे सार्वजनिक होते. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा गावात काय उसळले ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्या दिवशी महाडात 'लोकांची पसंती' मोजली असती तर बहुमत कोणत्या बाजूला पडले असते? तळ्याचे काठ, देवळाची वाट, वस्तीची दिशा यांच्या मांडणीत जातिव्यवस्था दगडमातीने लिहिलेली असते, आणि ज्याला आपण गावाचे रूप म्हणतो त्याचा बराचसा भाग त्या लिखाणाचा असतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत गावाविषयी बाबासाहेबांनी काढलेले कठोर उद्गार ज्यांना अतिशयोक्त वाटतात त्यांनी एखाद्या तळ्याच्या घाटांचा नकाशा जातवार काढून पाहावा. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाचा उदय ज्या छत्तीसगढात झाला तेथे हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून पसंती आणि हक्क यांत गल्लत करून चालत नाही. पसंती मोजता येते, ती कमीअधिक होते, बहुमताने बदलते. तळ्याच्या पाण्यावरील हक्क तसा नसतो. नियोजनकर्त्याने पसंती विचारावी ती हक्काच्या चौकटीच्या आत. आणि गावाला विचारायचे म्हणजे पाटलाच्या ओसरीवर विचारून परतायचे नव्हे. बाईला, भूमिहीनाला, गुराख्याला, गावकुसाबाहेरच्याला वेगवेगळे आणि त्यांच्या त्यांच्या जागी जाऊन विचारावे लागते.

अशा विचारण्याची पद्धत नव्याने शोधून काढण्याचे कारण नाही. ती आपल्याच दप्तरात धूळ खात पडली आहे, आणि मराठी व छत्तीसगढी प्रदेशांचा तो समाईक वारसा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगढाचा कारभार पाहत. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला आणि विदर्भाचा पूर्वभाग व छत्तीसगढ एका महसुली व्यवस्थेत आले, ते १९५६ पर्यंत. त्या व्यवस्थेने दोन शब्द रूढ केले: निस्तार आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार म्हणजे गावाने गावाच्या जमिनीतून भागवायच्या गरजा, अर्थात चराई, जळण, माती, मुरूम, दगड. वाजिब-उल-अर्ज म्हणजे शब्दशः सांगण्याजोगी, अर्ज करण्याजोगी गोष्ट; पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या गावरूढींची नोंद. मराठीतले 'वाजवी' आणि 'अर्ज' हे दोन्ही शब्द त्या एका नावात दडलेले आहेत. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत, जी छत्तीसगढाने पुढे चालविली, आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाची तरतूद आहे. पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांच्या इच्छा जाणून घेतल्यावरच तो कायम करावा, असे ती सांगते. गावातील किमान एक-चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केला तर नोंद बदलण्याचाही मार्ग आहे. लोकांची पसंती ही कल्पना परदेशातून आणावी लागते असे समजणाऱ्यांनी ही कलमे वाचावीत. बहुमताची अटही येथे नाही. चौथा हिस्सा पुरतो. महाडचा प्रश्न याने सुटत नाही, पण अल्पसंख्येला बोलण्याचे एक दार तरी राहते.

ही दारे बंद कशी झाली याचे उत्तर भंडारा-गोंदियाकडील तळ्यांत सापडते. कोहळी समाजाच्या जलज्ञानातून उभी राहिलेली ही तळी मालगुजारांच्या ताब्यात होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी शासनाकडे आली. माजी मालगुजारी म्हणून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, आणि पोरक्या भाच्याप्रमाणे ते तलाव गाळाने भरत गेले हे त्या नावातील विनोदाला लागलेले गालबोट. मालगुजाराची सत्ता अन्याय्य होती, ती जाणे अवश्य होते. मात्र तिच्याबरोबर पाळ दुरुस्त करण्याची, पाणी वाटून घेण्याची गावची रीतही अडगळीत पडली, कारण ती कोणी लिहून घेतली नव्हती, अथवा लिहिली होती ती वाचली जात नव्हती. मारुती चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस' ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की वनाधिकाऱ्याने गावातल्या माणसाकडून पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे शिकणे म्हणजे काय. ते पुस्तक साहित्य म्हणून वाचले गेले. एका परीने ती वाजिब-उल-अर्जच आहे.

साहित्याने केलेल्या अशा नोंदींकडे नियोजनाने पाहू नये असा काही नियम नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापन केलेल्या विनोदकुमार शुक्ल यांच्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' (१९९७) या कादंबरीत एका खोलीचे बिऱ्हाड आहे, आणि भिंतीतल्या खिडकीपलीकडे तळी, खडक, सारवलेली झोपडी. खिडकी दृश्य पाहण्यासाठी असते असा आपला समज. रघुवरप्रसाद आणि सोनसी मात्र त्या खिडकीतून उतरून पलीकडे जातात, तळ्यात अंघोळ करतात, तिथल्या म्हातारीचा चहा पितात. समीक्षकांनी याला अद्भुत म्हटले आहे. छत्तीसगढातील गावकऱ्याला त्यात अद्भुत ते काय, असा प्रश्न पडण्याची शक्यता आहे.

नव्या रायपुरात आज करण्याजोगी गोष्ट म्हणून एवढी सुचविता येईल: उरलेल्या गावांच्या परिसराचा कोणताही नवा आराखडा हाती घेण्याआधी त्या गावांची निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्ज बाहेर काढून गावात पुन्हा वाचली जावीत, आणि जे बदलले असेल ते गावाच्या तोंडून लिहून घ्यावे. वाचन कार्यालयात नको, तळ्याच्या पारावर व्हावे, आणि कापणी-मळणी आटोपल्यावर, छेरछेऱ्याच्या सुमारास, जेव्हा माणसे मोकळी असतात. बायका सकाळी पचरीवर येतात. त्यांच्यासाठी वेळही सकाळचीच हवी. लेखन छत्तीसगढीत व्हावे. २००७ पासून ती राज्याची राजभाषा आहे, तेव्हा अडचण लेखनिक मिळण्याची, कायद्याची नव्हे. आणि ज्या रकान्यात आजवर 'पडीत' असे लिहिले जात आले आहे, तेथे भाठा असेल तर भाठाच लिहावे, आणि त्यावर कोणाची गुरे उभी राहतात ते पुढे लिहावे.